पानातली भाजी कडेला सारणाऱ्या मोठ्या माणसांसाठी: चव शिकण्याची रीत

भात, हुमण (माशाची आमटी), तळलेला इसवण (सुरमई), बटाटा, अंडं, पाव. तिशी-चाळिशी उलटली तरी ज्यांचं जेवण एवढ्या पाच-सहा वस्तूंच्या पलीकडे जात नाही आणि पानातली भाजी ज्यांच्या हातून नकळत कडेला सरकते, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. अशा माणसाला घरात ‘नखरेल’ म्हणतात. तो शब्द आम्ही वापरणार नाही. घशाखाली घास उतरत नाही ही खरी अडचण असते, आणि ती रागावून किंवा लाजवून सुटत नाही. चव मात्र शिकता येते, अगदी पन्नाशीतही. फक्त माप लहान हवं, एका वेळी एकच बदल हवा आणि सुरुवात आवडत्या पदार्थाला धरून हवी.

गोव्यातल्या खानावळीत फिश थाळी मागवली की भात, हुमण, तळलेली मासळी, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), सोलकढी यांच्याबरोबर एका कोपऱ्यात दीड-दोन चमचे भाजी येते. भाजी न खाणारे ती जशीच्या तशी परत पाठवतात. शिकायला नेमकं तेवढंच माप लागतं. वाटीभर नको, दीड चमचा पुरे.

आधी ओळखा: नको ते नेमकं काय?

‘मला भाज्या आवडत नाहीत’ या वाक्याचा उपयोग नाही, कारण भाज्या पन्नास प्रकारच्या आणि नावडण्याची कारणं चार-पाचच. कारण कळलं की भाजी कशी शिजवायची ते ठरतं.

सगळ्यात जास्त लोक अडतात ते पोतावर. भेंडीचा बुळबुळीतपणा, शिजलेल्या वांग्याचा गिळगिळीत गर, टोमॅटोतला बियांचा चोथा, पालेभाजीचा लगदा. यांना चवीची तक्रार फारशी नसते. तीच भेंडी कुरकुरीत झाली तर खातात. तुम्ही वेफर्स, तळलेली मासळी, कडक भाजलेला पाव आवडीने खात असाल आणि मऊ, ओलं काही आलं की थांबत असाल, तर तुम्ही या गटातले.

दुसरं कारण कडवटपणा. कडू चव ओळखणारी जनुकं सगळ्यांची सारखी नसतात, त्यामुळे कोबी, फ्लॉवर, मुळा या कुळातला कडसरपणा काहींच्या जिभेला इतरांपेक्षा कितीतरी जास्त टोचतो. ही कल्पना नव्हे, तो फरक जन्मजात आहे. कोथिंबिरीचंही तसंच: काहींना तिचा वास साबणासारखा येतो. तुम्हाला येत असेल तर कोथिंबीर सोडून द्या, तिच्यावाचून काही अडत नाही.

तिसरं कारण वास. जास्त शिजलेला कोबी किंवा पिकलेली पपई यांच्याबाबत हे नेहमी दिसतं. चौथं कारण आठवण: लहानपणी एखादा पदार्थ खाल्ल्यावर उलटी झाली, किंवा ताटासमोर तासभर बसवून ठेवलं. उलटी त्या पदार्थामुळे झाली नसली तरी शरीर दोन्हींची गाठ घालून ठेवतं, आणि पुढे नुसत्या वासानेही मळमळतं.

एक गोष्ट यात मोडत नाही. एखादं फळ, भाजी, कोळंबी किंवा शेंगदाणा खाल्ल्यावर ओठ, जीभ, घसा खाजत असेल, अंगावर गांधी उठत असतील, तर ती अॅलर्जी असू शकते. तिथे सवय करायला जाऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा. (अळू आणि सुरण यांची खाज वेगळी. ती त्यांच्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांमुळे होते आणि नीट शिजवून, आंबट घालून कमी होते.)

पहिला आठवडा: काही बदलू नका, फक्त लिहा

सात दिवस नेहमीसारखं जेवा. एका कागदावर तीन रकाने करा. पहिल्यात जे सहज खाता ते, दुसऱ्यात जे एखाद्या विशिष्ट रूपात चालतं ते, तिसऱ्यात जे मुळीच नको ते. दुसरा रकाना महत्त्वाचा, तो नीट आठवून भरा. ‘शागोतीतला (मटण-कोंबडीच्या मसालेदार रश्श्यातला) कांदा चालतो, नुसता नाही.’ ‘भाजी-पावातली पातळ भाजी खातो, पण त्यातला टोमॅटो काढतो.’ ‘बटाट्याचे काप खातो, वांग्याचे बघितले नाहीत.’ तुमची वाट याच रकान्यातून निघते.

प्रत्येक नोंदीपुढे एक शब्द लिहा: पोत, कडू, वास, आठवण. आठवड्याअखेरीस बहुतेकांच्या कागदावर एकच शब्द पुन्हापुन्हा आलेला दिसतो.

भाजी निवडताना

पहिल्या तीन महिन्यांत दोन भाज्या पुरेत. निवड करताना इथे अनेकजण चुकतात. पावसाळा लागला की तायकिळो, तेरें, फागलां, किल्ल या रानभाज्या बाजारात येतात, घरात त्यांचं कौतुक होतं आणि निवडक खाणाऱ्यालाही वाटतं की यापासून सुरुवात करावी. नको. रानभाज्या थोडे आठवडे मिळतात. तुम्हाला तर एकच चव पंधरा वेळा घ्यायची आहे. पाचव्या वेळेला भाजी बाजारातून गेली तर केलेले कष्ट वाया. शिवाय त्यांचा उग्रपणाही जास्त. त्या दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

शिकायची भाजी बारमाही मिळणारी, स्वस्त आणि अर्धा पाव (सव्वाशे ग्रॅम) घेता येईल अशी हवी. फलोत्पादन महामंडळाच्या गाळ्यावर कोबी, भेंडी, गाजर, फरसबी, तांबडा भोपळा जवळजवळ वर्षभर असतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा मडगाव-पणजीच्या मार्केटात गांवठी भाजी मिळाली तर उत्तमच, पण गांवठीच हवी म्हणून खाडा करू नका. गोव्याबाहेरून आलेल्यांसाठी एक सूचना: इथे बाजारात ‘दुदी’ मागितला तर तांबडा भोपळा मिळतो, दुधी भोपळ्याला ‘कोंकणदुदी’ म्हणावं लागतं.

आमचा कल सांगायचा तर पोतावर अडणाऱ्यांनी भेंडीपासून किंवा कापांपासून सुरुवात करावी, कडूवर अडणाऱ्यांनी तांबड्या भोपळ्यापासून, कारण तो मुळात गोड. पालेभाजी शिकायची तर तांबडी भाजी (लाल माठ) घ्या. मेथीपेक्षा ती पुष्कळ सौम्य. तिचा गांवठी हंगाम पावसानंतरचा, म्हणून दिवाळीच्या सुमाराला सुरू केली तर पुढचे चार-पाच महिने सलग मिळते. कारलं सगळ्यात शेवटी. आणि खतखतें कितीही चांगलं असलं तरी पहिल्या सहा महिन्यांत नको: एका वाटीत सात-आठ भाज्यांचे सात-आठ पोत आणि वरून तिरफळ. ज्याला एका पोताची धास्ती आहे त्याला तिथे कशाशी झगडायचं हेच कळत नाही.

दीड चमच्याची रीत

१. आठवड्यातून चार-पाच दिवस ठरवा. रोजचा हट्ट धरला की तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो.

२. खरी भूक लागते ती वेळ पकडा. अनेकांना ती संध्याकाळी पाच-साडेपाचला लागते, जेव्हा एरवी हात भाजी-पाव किंवा वेफर्सकडे जातो. जेवणाआधीची दहा मिनिटंही चालतील. पोट भरल्यावर नवी चव कधीच गोड लागत नाही.

३. वेगळ्या लहान वाटीत दीड चमचा घ्या. ताटात नको, कारण तिचं पाणी भातात उतरलं की आवडता भातही नकोसा होतो. तांबड्या भाजीच्या लाल पाण्याबाबत हे हमखास घडतं.

४. आधी वास घ्या. मग एक कण जिभेवर. मग अर्धा चमचा चावा. गिळायचीच असं पहिल्या तीन वेळांना बंधन नाही. कागदी रुमालात काढून टाकलं तरी ती चव मोजली जाते. हे घरी, एकटं असताना करा.

५. लगेच आवडीचा घास घ्या किंवा सोलकढीचा घोट. आमसुलाचा आंबटपणा तोंडातली चव लवकर पुसतो.

६. तारीख आणि १ ते ५ गुण लिहा. १ म्हणजे ओकारी आली, ३ म्हणजे काही वाटलं नाही, ५ म्हणजे अजून हवी.

लहान मुलांवरच्या अभ्यासांत असं दिसतं की नवा पदार्थ स्वीकारायला बहुधा आठ ते पंधरा वेळा चव घ्यावी लागते. मोठ्यांनी पंधरा धरून चालावं. सहाव्या-सातव्या वेळेपर्यंत गुण १ आणि २ यांच्यातच घुटमळतात, आणि नेमके तिथेच लोक सोडतात. पंधरा वेळांनंतरही १ वरच असेल तर ती भाजी खुशाल बाजूला ठेवा, सहा महिन्यांनी वेगळ्या रूपात बघा. आपलं ध्येय ५ नाहीच. ३ आला की ती भाजी तुमची झाली, कारण ३ गुणांची भाजी रोज खाता येते.

काप: मासळीकडून भाजीकडे

गोव्यात राहणाऱ्यांच्या हाताशी एक फार चांगला पूल आहे. मासळीला जो मसाला आणि रवा लावतो, तोच लावून नीरफणस, सुरण, वांगं, केळं यांचे काप करतात. तोंडाला पहिली भेटते ती ओळखीची कुरकुर, तिखट आणि आंबट. भाजी त्यांच्या मागून येते.

क्रम असा ठेवा: बटाटा, मग नीरफणस (चवीला आणि पोताला बटाट्याचा सख्खा भाऊ), मग सुरण, मग वांगं. नीरफणस बाजारात नसेल तेव्हा कच्चं केळं.

चार-पाच कापांसाठी, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅमला: पाऊण सेंटिमीटर जाडीचे काप कापा, अर्धा लहान चमचा मीठ चोळून पंधरा मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी फडक्याने टिपून घ्या. एक लहान चमचा तिखट, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग आणि एक लहान चमचा आमसुलाचं आगळ (घट्ट खारा रस) एकत्र करून लावा. आगळ खारट असतं, म्हणून वर मीठ नको. तीन मोठे चमचे बारीक रवा आणि एक चमचा तांदळाचं पीठ यात घोळवून, तव्यावर दोन मोठे चमचे तेल तापल्यावर मध्यम आचेवर एकेक बाजू तीन ते चार मिनिटं. सुरणाचे काप आधी आमसूल घातलेल्या पाण्यात अर्धवट उकडून घ्या, नाहीतर घसा खवखवतो आणि सुरण कायमचं नावडतं.

बिघडतं ते कसं? काप जाड झाले तर वरून करपतात आणि आतून कच्चट राहतात. पाणी टिपलं नाही तर रवा तव्यावरच सुटतो. तेल पुरतं तापण्याआधी टाकले तर वांगं स्पंजासारखं तेल पितं आणि चावल्यावर तेच तेल तोंडात येतं. पोतावर अडणाऱ्याला याहून वाईट काही नाही. झाकण ठेवलं तर वाफेने कुरकुरीतपणा गेलाच समजा. कापांसाठी आगशीचं मोठं वांगं मिळालं तर तेच घ्या.

तळलेलं खाऊन तब्येत कशी सुधारणार, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की काप हा मुक्काम नव्हे. वांगं ३ गुणांवर आलं की एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन आठवडे तेल निम्मं. पुढचे दोन आठवडे रवा अगदी पातळ. मग बिनरव्याचे, फक्त मसाला लावून तव्यावर भाजलेले. मग तेच भाजलेले तुकडे कांदा-खोबऱ्याच्या सुक्या भाजीत. वांग्याचं भरीत या वाटेवर फार पुढे येतं. अनेकजण भरीतानेच सुरुवात करतात, आणि गिळगिळीत गराला घाबरून तिथेच थांबतात.

भेंडी, बुळबुळीत न होता

भेंडीतला चिकट रस पाण्यात फुगतो. तेव्हा सगळी युक्ती पाणी दूर ठेवण्यात आहे. पाव किलो भेंडी अख्खी धुवा, पुसा, अर्धा तास पसरून कोरडी करा आणि मगच चिरा. चिरून धुतली तर संपलं. अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या. लोखंडी तवा किंवा पसरट कढई चांगली तापवून दोन लहान चमचे तेल, मग भेंडी एका थरात पसरा. ढीग घातला तर ती भाजली न जाता वाफेत शिजते. झाकण नाही. पहिली तीन मिनिटं ढवळू नका, मग उलटत आठ-दहा मिनिटं. दोन आमसुलं बारीक तुकडे करून पाचव्या मिनिटाला घाला, आंबटाने चिकटपणा तुटतो. मीठ अगदी शेवटी, कारण मिठाने पाणी सुटतं. कडा तपकिरी झाल्या की उतरवा आणि लगेच खा. डब्यात बंद करून दुपारी उघडलेली भेंडी मऊ पडलेली असते. शिकण्याच्या काळात डब्याला भेंडी देऊ नका.

पावसात मिळणारी लांब, सात शिरांची भेंडी चकत्यांपेक्षा उभे काप करून जास्त छान भाजली जाते.

तांबडी भाजी

एका जुडीतून निवडल्यावर साधारण दोनशे ग्रॅम पाला निघतो. तीन पाण्यांत बुडवून धुवा, प्रत्येक वेळी पाला वर उचलून घ्या आणि पाणी नंतर ओता. पाणी ओतून पाला काढला तर तळाशी बसलेली माती पुन्हा त्यावरच येते. दाताखाली एकदा रेती कचकचली की माणूस पालेभाजी वर्षभर तोंडात घेत नाही. पाला बारीक चिरा, जाड देठं आता काढून टाका. एक कांदा दोन चमचे तेलात पारदर्शक होईपर्यंत परता, एक हिरवी मिरची चिरून घाला, मग पाला. झाकण न ठेवता मोठ्या आचेवर सहा-सात मिनिटं, सुटलेलं पाणी आटेपर्यंत. मीठ पाला बसल्यावरच घाला. ढीग बघून अंदाज केला तर भाजी हमखास खारट होते. शेवटी दोन मोठे चमचे ओलं खोबरं.

खोबरं इथे नुसतं सजावटीला नाही. त्यातल्या स्निग्धपणाने पाल्याची तुरट-कडसर धार बोथट होते आणि चावायला काहीतरी मिळतं. पहिल्या चार-पाच वेळा खोबरं तीन चमचे झालं तरी हरकत नाही, पुढे कमी करा. सुंगटां (कोळंबी) खाणाऱ्यांनी मूठभर बारीक सुंगटं कांद्याबरोबर परतून घातली तर ओळखीची चव मिळते आणि पाला सोबतीने जातो.

कोबी, भोपळा, कारलं

कोबीचा दोष बहुधा कोबीचा नसतो, शिजवण्याचा असतो. या कुळातल्या भाज्या जितक्या जास्त वेळ शिजतील तितके गंधकाचे उग्र वास सुटतात. बारीक उभा चिरा, मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीत मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं, झाकण नाही, वर खोबरं आणि लिंबू. थोडा करकरीत राहिला पाहिजे. कडू लागतच असेल तर चिमूटभर मीठ वाढवा. साखरेपेक्षा मीठ कडूला जास्त दाबतं. मिठाची ही सूट रक्तदाबवाल्यांना नाही, त्यांनी लिंबावर भागवावं.

तांबड्या भोपळ्याचे दीड सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे, सालासकट चालतील. फोडणीत टाकून दोन मोठे चमचे पाणी, मंद आचेवर झाकून सात-आठ मिनिटं. सुरी आत जाते पण तुकडा मोडत नाही, तिथे थांबा. दोन मिनिटं जास्त झाली तर लापशी होते.

कारल्याच्या बिया आणि आतला पांढरा भाग पूर्ण काढा, कागदासारख्या पातळ चकत्या करा, पाव किलोला एक लहान चमचा मीठ लावून अर्धा तास ठेवा, घट्ट पिळा. मग कुरकुरीत परतून कांदा, आमसूल आणि सुपारीएवढा गूळ. पहिल्या वर्षात जमलं नाही तरी बिघडत नाही.

भात, पाव, कडधान्यं

पांढऱ्या सुरय तांदळावर वाढलेल्याला उकडा भात जाडाभरडा लागतो. एकदम बदलू नका. पहिले दोन आठवडे तीन भाग सुरय आणि एक भाग उकडा, मग निम्मे-निम्मे. दोन्ही एकाच भांड्यात मात्र शिजवू नका: उकड्याला वेळ जास्त लागतो, त्यामुळे एक चिखल होतो आणि दुसरा टचटचीत राहतो. उकडा तांदूळ भरपूर पाण्यात उघड्यावर शिजवून निवळ काढा आणि तयार भात मिसळा. कोरडा खाण्यापेक्षा हुमणाबरोबर तो लवकर रुळतो, कारण जाड शीत रस धरून ठेवतं.

पोदेराकडे (पाववाल्याकडे) पावाबरोबर कोंड्याची पोळी असते; ही चपाती नव्हे, पावाचाच एक प्रकार. चार पावांतल्या एकाच्या जागी पोळी घ्या, ती गरम असतानाच खा. तोडून आत बघा: आतलाही रंग तपकिरी असेल तर पीठ कोंड्याचं, आत पांढराशुभ्र असेल तर कोंडा फक्त वर भुरभुरलेला आहे.

कडधान्यांचा मार्ग सोपा आहे. शागोती आवडत असेल तर तसंच भाजलेलं खोबरं आणि मसाले घातलेलं अळसांद्यांचं तोणाक (चवळीची रस्सेदार उसळ) वेगळं वाटत नाही. पुढे त्याच तोणाकात भोपळ्याचे चार तुकडे घाला. गॅस होतो म्हणून अनेकजण सोडतात. आठ तास भिजवा, ते पाणी टाका आणि पहिले दोन आठवडे दोन मोठ्या चमच्यांपुढे जाऊ नका. तंतू एकदम वाढवले तर पोट फुगणारच, आणि तंतूंबरोबर पाणीही वाढवावं लागतं.

फळं: बहुतेकांना थंड आणि करकरीत चालतं. पेरूचे पातळ तुकडे मीठ-तिखट लावून. पपई फ्रीजमध्ये गार करून, वर लिंबू पिळून, म्हणजे वास दबतो. मऊ केळं ज्यांना नको त्यांनी हिरवट कडेचं, जरा घट्ट केळं घ्यावं.

घरातल्या माणसांशी बोलताना

स्वयंपाक दुसरं कुणी करत असेल, तर आईला, बायकोला, वहिनीला आधीच सांगून ठेवा: ‘मी दीड चमचा घेणार आहे. आणखी वाढू नका, आणि खाल्ली की नाही ते विचारू नका.’ कौतुकही नको. ‘बघा, आज ह्यानं भाजी खाल्ली!’ असं चार माणसांत म्हटलं की पुढच्या दिवशी हात आखडतो. आणि भाजी लपवून घालू नये. भोपळा किसून चपातीच्या पिठात घालायला हरकत नाही, पण खाणाऱ्याला ते माहीत हवं. एकदा फसवलं गेल्यावर माणूस आवडत्या पदार्थाकडेही संशयाने बघतो.

श्रावणात कितीतरी घरांत मासळी बंद असते, आणि त्याआधी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असल्याने ताजी मासळी कमी आणि महाग. भाजी न खाणाऱ्याचे या काळात हाल होतात, तो बटाटा आणि पापड यांवर दिवस काढतो. म्हणून सुरुवात श्रावणात करू नका. मासळी मुबलक असताना करा, म्हणजे दीड चमच्याच्या बाजूला ठेवायला आवडीचं काही असतं, आणि श्रावण येईपर्यंत दोन-तीन भाज्या हातात आलेल्या असतात.

किती पुरे, आणि कधी थांबायचं

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ सालच्या आहारसूचनांत मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. दीड चमच्यावर असणाऱ्याने तो आकडा बघून घाबरू नये. तीन महिन्यांत दोन भाज्या ३ गुणांवर आणि त्यातल्या एकीची रोज अर्धी वाटी, ही चांगली गती आहे. वर्षात सहा-सात भाज्या झाल्या की दोन्ही जेवणांत वाटीभर भाजी आपोआप बसते.

रक्त पातळ करण्याची वॉरफॅरिनसारखी गोळी चालू असेल तर पालेभाजी वाढवण्याआधी डॉक्टरांना सांगा, कारण त्यातलं के जीवनसत्त्व औषधाच्या परिणामात ढवळाढवळ करतं. मूत्रपिंडाचा आजार किंवा मुतखडा असेल तर कोणती भाजी किती, हे विचारूनच ठरवा. मधुमेहात फळांचं माप ठरवून घ्या.

आणि काही वेळा ही निवड नसते, आजार असतो. वजन उतरत चाललं आहे, रक्त कमी आहे, दिवस गोळ्यांवर किंवा पावडरीच्या दुधावर निघतो, घास अडकेल या भीतीने गिळता येत नाही, जेवणामुळे लग्नकार्याला जाणंच बंद झालं आहे. याला वैद्यकात आर्फिड म्हणतात, २०१३ पासून मानसिक विकारांच्या अमेरिकन नियमपुस्तकात त्याची स्वतंत्र नोंद आहे. त्यावर दीड चमच्याची रीत एकट्याने करत बसू नका. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेज आणि मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांनाही दाखवावं लागतं, आणि जाताना तुमचा तीन रकान्यांचा कागद बरोबर न्या. डॉक्टरांचा अर्धा तास वाचतो.

ताप, पोटाचा आजार, प्रवास यांत खाडा पडणारच. परत सुरू करताना शेवटच्या पायरीवर उडी न मारता दोन पायऱ्या खाली उतरा: वांगं भाजीत खात होतात तर पुन्हा बिनरव्याच्या कापांवर या, आठवड्यात जागेवर पोचाल. उलटी झालेल्या दिवसांत मात्र शिकायची भाजी अजिबात तोंडात घालू नका, नाहीतर ती नवी आठवण होऊन बसेल. तेव्हा पेज आणि आमसुलाचं सार बरं. तिसऱ्या रकान्यातली यादी दर सहा महिन्यांनी पुन्हा वाचा आणि पुढची भाजी त्यातूनच घ्या.